आधी म्हणणे, मग निर्णय : विमा नियामकाच्या सुनावणीची वाटचाल

विमा कायदा, १९३८ हा १ जुलै १९३९ रोजी अमलात आला. त्या दिवसापासून देशात विम्याचा व्यवसाय करायचा तर नोंदणी हवी आणि कमिशनवर विमा मिळवून द्यायचा तर परवाना हवा, असा दंडक झाला. हे दोन्ही देण्याचे काम ‘विमा अधीक्षक’ या नव्या अधिकाऱ्याकडे आले. आज हैदराबादच्या नानकरामगुडा भागातून काम पाहणारे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण हे त्याच अधिकारपदाचे वारस आहे. परवाना देणाऱ्याच्या हातात तो काढून घेण्याची सत्ताही असते. म्हणून ती सत्ता वापरण्याआधी समोरच्याला काय कळवायचे, किती मुदत द्यायची, त्याचे म्हणणे कोणी आणि कसे ऐकायचे, हे प्रश्न या संस्थेच्या इतिहासात पहिल्यापासून आहेत. त्यांची उत्तरे एका दिवसात मिळालेली नाहीत. ऐंशीहून अधिक वर्षांत कायदेमंडळ, न्यायालये, नियामकाचे अधिकारी आणि खुद्द विमा व्यवसायातील माणसे यांनी मिळून ती घडवली आहेत.

या कायद्याच्या आधी देखरेख अगदीच नव्हती असे नाही, पण ती नावापुरती होती. १९१२ च्या आयुर्विमा कंपनी कायद्याने कंपन्यांकडून हिशेब मागवायला सुरुवात केली आणि १९२८ च्या कायद्याने आकडेवारी गोळा करण्याची तजवीज केली. गैरकारभार करणाऱ्याला धंद्याबाहेर काढण्याचे साधन मात्र कोणाच्याच हाती नव्हते. मुंबईत १८७० पासून बॉम्बे म्युच्युअल काम करत होती. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी उभी केली. अशा सचोटीने चालणाऱ्या संस्थांच्या शेजारीच जेमतेम भांडवलावर निघून, लोकांचे हप्ते घेऊन बुडणाऱ्या कंपन्याही होत्या. कलकत्त्याचे सॉलिसिटर सुशील सेन यांना सरकारने विशेष अधिकारी नेमून नव्या कायद्याची पाहणी सोपवली आणि मध्यवर्ती विधिमंडळात विधी सदस्य सर नृपेंद्रनाथ सरकार यांनी विधेयक तडीस नेले.

या पहिल्या कायद्यात नोटीस होती, पण ती कशाची होती हे नीट पाहायला हवे. कंपनीची नोंदणी रद्द करायची झाल्यास अधीक्षकाने आपला निर्णय लेखी कळवायचा आणि ती नोटीस पोहोचल्यापासून किमान एक महिन्याने, पण दोन महिन्यांच्या आत, निर्णय अमलात यायचा, असे कलम ३ मध्ये म्हटले होते. म्हणजे निर्णय आधी होई आणि नोटीस मागून येई. कंपनीला आवराआवर करायला अवधी मिळे, बाजू मांडायला नव्हे. दिलासा होता तो न्यायालयाचा. नोंदणी नाकारली वा रद्द केली, किंवा एजंटाचा परवाना रद्द केला, तर कलम ११० नुसार न्यायालयात अपील करता येत असे. आज ही व्यवस्था तोकडी वाटते. तरीही परक्या राजवटीत एका साध्या विमा एजंटाला सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाचा हक्क कायद्याने दिला, हे त्या काळाच्या मानाने मोठेच पाऊल होते. पुढची सारी वाटचाल ही नोटीस निर्णयाच्या मागून पुढे आणण्याची आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमा निधीवर डोळा ठेवून कंपन्यांची मालकी मिळवण्याचे प्रकार वाढले. त्यांची चौकशी मुंबईचे सर कावसजी जहांगीर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली आणि तिच्या शिफारशींच्या आधारे १९५० ची दुरुस्ती झाली. अधीक्षकाचा आता ‘विमा नियंत्रक’ झाला. पॉलिसीधारकांच्या हिताला बाधा येईल असा कारभार एखादी आयुर्विमा कंपनी करत असेल, तर तिच्यावर प्रशासक नेमण्याची शिफारस करण्याचा अधिकार नियंत्रकाला कलम ५२अ ने मिळाला. या कलमात एक महत्त्वाचा शब्दप्रयोग आला. केंद्र सरकारला अहवाल देण्यापूर्वी नियंत्रकाने कंपनीला, त्याला योग्य वाटेल तशी, म्हणणे मांडण्याची संधी द्यायची होती. संधी किती आणि कशी हे अधिकाऱ्यावर सोपवलेले असले, तरी ऐकण्याची पायरी आता निर्णयाच्या अलीकडे आली.

ही पायरी रुळण्याआधीच व्यवसायाचे चित्र पालटले. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ भारतीय आणि १६ परदेशी कंपन्या, तसेच ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून १ सप्टेंबर १९५६ रोजी मुंबईत मुख्यालय असलेले आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. सिमल्याहून काम करणाऱ्या नियंत्रकाच्या कार्यालयाकडे आता प्रामुख्याने सर्वसाधारण विमा उरला. आयुर्विम्याच्या एजंटाचे नशीब महामंडळाच्या हाती गेले.

एजंटाला नोटिशीचे आणि सुनावणीचे मोल का वाटते, हे त्याच्या मिळकतीकडे पाहिले की कळते. पहिल्या वर्षाचे कमिशन हातात पडते आणि खर्चून जाते. घर चालते ते ‘रिन्युअल’वर, म्हणजे जुन्या पॉलिसींचे हप्ते भरले जातात तसतसे वर्षानुवर्षे मिळत राहणाऱ्या कमिशनवर. पंधरा-वीस वर्षे गावोगाव सायकलीवर, मग स्कूटरवर फिरून बांधलेली ही मिळकत गैरवर्तनाच्या ठपक्यानिशी झालेल्या एका आदेशाने जाऊ शकते. खोटी सही, विमेदाराचा आजार लपवणे, हप्त्याची रोकड वेळेवर न भरणे, कमिशनातला वाटा ग्राहकाला परत देणे, असे आरोप कधी खरे असतात, कधी शाखेतल्या हेव्यादाव्यांतून उठतात. महामंडळाच्या १९७२ च्या एजंटविषयक विनियमांनी अशा ठपक्यावरून एजन्सी संपवण्याआधी कारण दाखवण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक केले. तालुक्याच्या शाखेत काम करणाऱ्या माणसापर्यंत हा हक्क पोहोचला, याची नोंद या वाटचालीत ठळकपणे व्हायला हवी.

सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात १९६८ च्या दुरुस्तीने आणखी एक टप्पा गाठला. कलम ३४ ने नियंत्रकाला कंपन्यांना आदेशवजा निर्देश देण्याचा अधिकार दिला, पण त्याच कलमाच्या परंतुकात कंपनीला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज निर्देश देता येणार नाही, असेही घातले. कलम ३४ब नुसार कंपनीच्या संचालकाला किंवा मुख्य अधिकाऱ्याला पदावरून दूर करता येऊ लागले. तेथेही निवेदन करण्याची संधी सक्तीची झाली. मात्र उशीर झाल्यास कंपनीचे वा पॉलिसीधारकांचे नुकसान होईल असे दिसले, तर निवेदनाचा विचार होईपर्यंत त्या व्यक्तीने काम पाहू नये, असा तात्पुरता आदेश देण्याची मुभा ठेवली. घाई आणि न्याय यांचा मेळ घालण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. १९५० मधील ‘योग्य वाटेल तशी संधी’ आणि १९६८ मधील ‘वाजवी संधी’ यांत मोठे अंतर आहे. पहिलीचे मोजमाप अधिकाऱ्याकडे होते, तर दुसरी वाजवी होती की नव्हती हे न्यायालय तपासू शकत होते.

आणि न्यायालय ते तपासू लागले होते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आंध्रातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वादात, गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी एकाने घ्यायची आणि निर्णय दुसऱ्याने द्यायचा याला हरकत घेतली. अशाने सुनावणी हा पोकळ उपचार होतो, असे ते म्हणाले. एप्रिल १९६९ च्या ए. के. क्राइपाक प्रकरणाने प्रशासकीय निर्णय आणि न्यायिक स्वरूपाचा निर्णय यांच्यातली भिंत जवळजवळ काढून टाकली, आणि नैसर्गिक न्याय फक्त कोर्टासाठी आहे असे म्हणण्याची सोय खात्यांना राहिली नाही. २५ जानेवारी १९७८ रोजी मेनका गांधी यांच्या पासपोर्ट प्रकरणाचा निकाल लागला. कायद्यात सुनावणीचा शब्द नसला तरी ती द्यावीच लागेल, तातडीपोटी आधी देता आली नाही तर निर्णयानंतर लगोलग द्यावी लागेल, हे तत्त्व त्याने पक्के केले. त्या सात न्यायमूर्तींच्या पीठावर यशवंतराव चंद्रचूड होते. सरन्यायाधीश झाल्यावर १९८५ मध्ये त्यांनीच ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या फुटपाथवासीयांबाबत निकाल दिला. पालिकेच्या कायद्यातील कलम ३१४ नोटिशीशिवाय अतिक्रमण हटवण्याची मुभा देते, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे आणि नोटीस टाळणे हा अपवादच असायला हवा, असा अर्थ त्यांनी लावला. एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन या १९८० च्या निकालात न्यायालयाने आणखी पुढची गोष्ट सांगितली होती. सुनावणी दिली असती तरी निकाल तोच लागला असता, ही सबब चालणार नाही. सुनावणी नाकारली, इथेच नुकसान झाले. यांतले एकही प्रकरण विमा नियंत्रकाविरुद्धचे नव्हते, पण विम्याच्या आजच्या प्रत्येक सुनावणीला यांचाच पाया आहे.

गंमत अशी की कायदा असा संपन्न होत असताना नियंत्रकाचे कार्यालय ओस पडत चालले होते. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्यांचेही राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. सरकारच मालक असलेल्या कंपन्यांची नोंदणी कोण रद्द करणार? पुढची वीस वर्षे कलम ३४ चे परंतुक पुस्तकातच राहिले. सर्वेक्षक आणि एजंट यांचे परवाने तेवढे चालू होते. हा काळ संस्थेच्या पडझडीचा होता, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

एप्रिल १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जानेवारी १९९४ मध्ये तिचा अहवाल आला. खासगी कंपन्यांना दार उघडण्याची तिची शिफारस गाजली. स्वतंत्र, कायद्याने स्थापलेला नियामक हवा, ही शिफारस तिच्याइतकीच मोलाची होती. जानेवारी १९९६ मध्ये सरकारी ठरावाने हंगामी प्राधिकरण स्थापन झाले आणि एन. रंगाचारी त्याचे अध्यक्ष झाले. कायद्याचे पाठबळ मिळायला आणखी चार वर्षे लागली. सरकारे बदलली, विधेयके मागे पडली, कर्मचारी संघटनांचा विरोध होता. अखेर डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने विमा नियामक आणि विकास प्राधिकरण कायदा संमत केला आणि एप्रिल २००० मध्ये प्राधिकरण वैधानिक संस्था म्हणून अस्तित्वात आले. ऑगस्टमध्ये अर्ज मागवले गेले आणि २३ ऑक्टोबर २००० रोजी मुंबईच्या एचडीएफसी स्टँडर्ड लाइफला पहिली नोंदणी मिळाली. पुढच्या वर्षी मुख्यालय दिल्लीहून हैदराबादला आले आणि बशीरबागेतील परिश्रम भवनाच्या एका मजल्यावरून कारभार सुरू झाला.

नव्या कायद्याने नोंदणी नाकारण्याच्या अधिकाराला एक शिस्त लावली. नकार दिला तर कारणे नोंदवायची, त्याची प्रत अर्जदाराला द्यायची, आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला केंद्र सरकारकडे अपील करता यायचे. कारण लिहावे लागले की अधिकाऱ्याला स्वतःचाच निर्णय पुन्हा तपासावा लागतो. सकारण आदेशाची सवय संस्थेला पहिल्याच दिवसापासून लागली, याचे श्रेय रंगाचारी आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांना द्यायला हवे. एजंटांसाठी १०० तासांचे प्रशिक्षण आणि मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची परीक्षा सक्तीची झाली. २००२ च्या विनियमांनी ब्रोकर हा नवा घटक आणला आणि त्याचा परवाना चौकशीशिवाय रद्द करता येणार नाही, अशी तरतूद केली.

सी. एस. राव आणि जे. हरी नारायण यांच्या कारकिर्दीत कंपन्या वाढल्या, तपासण्या वाढल्या, तशा दंडाच्या आदेशांची संख्याही वाढली. उणिवा याच काळात उघड्या पडल्या. तपासणी करणारे, आरोप ठेवणारे आणि दंड ठोठावणारे कार्यालय एकच होते. अनेक आदेशांविरुद्ध कायद्यात सोपे अपील नव्हते. उच्च न्यायालयात रिट याचिका करणे हाच मार्ग उरे, आणि तो छोट्या ब्रोकरला किंवा सर्वेक्षकाला परवडणारा नव्हता. विधी आयोगाने २००४ मधील आपल्या १९० व्या अहवालात विमा कायद्याच्या फेररचनेबरोबर स्वतंत्र अपील यंत्रणेची गरज मांडली. खुद्द प्राधिकरणाने नेमलेल्या के. पी. नरसिंहन समितीने २००५ मध्ये या शिफारशींचा विचार केला. आपल्या आदेशांवर वरचा पंच हवा, या चर्चेत नियामकाने स्वतः भाग घेतला, ही प्रौढपणाची खूण होती. डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक आले. परकीय भांडवलाच्या मर्यादेवरून ते अडले ते सहा वर्षे. डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम निघाला आणि मार्च २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी विमा कायदे दुरुस्ती कायदा संमत केला.

लोकांनी या दुरुस्तीतला परकीय भांडवलाच्या मर्यादेचा ४९ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवला. सुनावणीच्या दृष्टीने तिचे खरे महत्त्व कलम १०५क, १०५ड आणि ११० मध्ये आहे. ठरावीक कलमांखालचा दंड करण्यापूर्वी प्राधिकरणाने सहसंचालक किंवा त्याच्या समकक्ष दर्जापेक्षा खालचा नसलेला न्यायनिर्णय अधिकारी नेमायचा. त्याने नोटीस देऊन, म्हणणे ऐकून चौकशी करायची आणि शिफारस करायची. त्यानंतर दंडाचा निर्णय घेणाऱ्या प्राधिकरणानेही पुन्हा म्हणणे ऐकायचे. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, या जुन्या दोषावर दोन पायऱ्यांची सुनावणी हे उत्तर आहे. कलम १०२ खालचा दंड त्याच दुरुस्तीने कसूर चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला १ लाख रुपये किंवा एकूण १ कोटी रुपये, यांपैकी कमी असेल तो, इतका वाढला होता. दंड मोठा होत असताना सुनावणी लांबवली गेली, आखडली गेली नाही. दंड ठरवताना काय पाहायचे तेही कायद्याने सांगितले. गैरमार्गाने मिळालेला लाभ किती, पॉलिसीधारकांचे नुकसान किती, आणि कसूर वारंवार घडली आहे का, या गोष्टी तोलायच्या. चौकशीच्या कार्यपद्धतीचे नियम २०१६ मध्ये आले.

कलम ११० ने अपील मुंबईतील रोखे अपील न्यायाधिकरणाकडे, व्यवहारातल्या भाषेत ‘सॅट’कडे, सोपवले. आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करायचे आणि न्यायाधिकरणाने ते शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढायचे. वकिलाप्रमाणेच सनदी लेखापाल, कंपनी सचिव, परिव्यय लेखापालही तेथे बाजू मांडू शकतात. पुढे कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय आहेच. शेअर बाजाराच्या तंट्यांसाठी निघालेल्या या न्यायाधिकरणाने विम्याची परिभाषा लवकर आत्मसात केली.

आज प्रकरण कसे चालते, ते प्राधिकरणाच्या प्रसिद्ध आदेशांतून कोणालाही वाचता येते. तपासणी पथक कंपनीत जाऊन दप्तर पाहते. निरीक्षणे कंपनीला कळवली जातात आणि तिचा खुलासा येतो. खुलाशाने समाधान झाले नाही, अशाच मुद्द्यांवर कारणे दाखवा नोटीस निघते. कंपनी लेखी उत्तर देते आणि हवी असल्यास प्रत्यक्ष सुनावणी मागते. सुनावणीला अध्यक्ष किंवा पूर्णवेळ सदस्य बसतात. एका बाजूला प्राधिकरणाचे विधी आणि तपासणी विभागांचे अधिकारी असतात, दुसऱ्या बाजूला कंपनीचे मुख्य कार्यकारी, अनुपालन अधिकारी, कधी विमागणिती. आदेशाच्या पहिल्या परिच्छेदातच नोटिशीची तारीख, उत्तराची तारीख, सुनावणीची तारीख आणि हजर असलेल्यांची नावे येतात. मग आरोप क्रमांक एक, त्यावरचे तपासणीतील निरीक्षण, कंपनीचे म्हणणे आणि निर्णय, या क्रमाने सारे आरोप. एखाद्या आरोपावर कंपनीचे म्हणणे पटले तर तो वगळला जातो, कुठे नुसती ताकीद मिळते, कुठे दंड होतो. दंड भागधारकांच्या खात्यातून भरायचा असतो, त्याचा भार पॉलिसीधारकांच्या पैशावर टाकता येत नाही. आदेश संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवायचा असतो. आणि शेवटच्या परिच्छेदात ‘सॅट’कडे अपील करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत या सुनावण्या दूरदृश्य प्रणालीवर गेल्या, पण थांबल्या नाहीत.

नोटिशीचा दर्जाही न्यायालयांनी उंचावत नेला. २०१० च्या ओरिक्स फिशरीज निकालाने दोष सिद्ध झालाच आहे अशा सुरात लिहिलेली नोटीस बाद ठरवली, कारण असे लिहिणारा मोकळ्या मनाने ऐकू शकत नाही. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी निकालाने काळ्या यादीत टाकण्याचा विचार असेल तर तो नोटिशीतच सांगणे भाग पाडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये टी. ताकानो विरुद्ध ‘सेबी’ या प्रकरणात, नोटिशीमागच्या तपास अहवालातील संबंधित भाग पाहण्याचा हक्क मान्य झाला. तो निकाल शेअर बाजाराच्या नियामकाविरुद्धचा होता, पण विमा नियामकाच्या विधी विभागालाही तो सारखाच लागू पडतो.

ही वाट सरळ नव्हती. १२ जून २०१७ रोजी प्राधिकरणाने सहारा इंडिया लाइफवर प्रशासक नेमला आणि २८ जुलैला तिचा व्यवसाय आयसीआयसीआय प्रुडेन्शियलकडे सोपवण्याचा आदेश दिला. ‘सॅट’ने त्याला स्थगिती दिली, आणि जानेवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. ते पीठ मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांचे होते. जून २०२३ मध्ये प्राधिकरणाने तोच व्यवसाय एसबीआय लाइफकडे देण्याचा आदेश काढला तेव्हाही न्यायाधिकरणाने स्थगिती दिली. हप्ते भरून बसलेल्या पॉलिसीधारकांच्या काळजीने नियामक झपाट्याने पावले टाकतो, आणि पायरी गाळली गेली का हे न्यायाधिकरण पाहते. या दोन कर्तव्यांमध्ये वर्षे निघून जातात, ती सोसावी लागतात ती शेवटी विमेदारांनाच. याचा सल प्राधिकरणालाही आहे. तरी वरचा पंच आहे म्हणूनच त्याच्या टिकलेल्या आदेशांना वजन आहे.

एजंटाच्या बाबतीत २०१५ च्या दुरुस्तीने मोठा बदल केला. परवाना हा प्रकारच संपला आणि नेमणूक कंपन्यांकडे गेली. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या विनियमांनी मात्र सुनावणीची चौकट कंपन्यांवरही बांधून टाकली. नेमणूक नाकारली तर लेखी कारणे द्यायची. रद्द करायची तर चौकशी अधिकारी नेमायचा, कारणे दाखवा नोटीस द्यायची, उत्तरासाठी २१ दिवस द्यायचे, मागितल्यास प्रत्यक्ष ऐकायचे, सकारण आदेश काढायचा आणि कंपनीतच अपील अधिकारी ठेवायचा. हे तपशिलात जाऊन लिहिणे गरजेचे होते, कारण काळ्या यादीत नाव गेलेल्या एजंटाला दुसऱ्या कंपनीचे दारही बंद होते. कोल्हापूर, जळगाव वा पणजीच्या शाखेत काम करणाऱ्या एजंटाचा खटला आता हैदराबादला जात नाही, त्याच्याच कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे चालतो. कंपन्यांच्या अनुपालन विभागांनी, प्रशिक्षण देणाऱ्यांनी आणि एजंटांच्या संघटनांनी ही पद्धत रुजवायला मोठा हातभार लावला आहे.

टी. एस. विजयन, सुभाषचंद्र खुंटिया आणि देबाशिष पांडा या अध्यक्षांच्या काळात प्राधिकरणाचा पसारा वाढला, स्वतःची इमारत झाली, विनियमांची संख्या आटोक्यात आणून त्यांची फेरमांडणी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती तरुण अग्रवाल निवृत्त झाल्यावर ‘सॅट’चे अध्यक्षपद काही महिने रिकामे राहिले आणि २०२४ मध्ये न्यायमूर्ती पी. एस. दिनेश कुमार यांच्या नेमणुकीने ते भरले गेले. कंपन्या आणि ब्रोकर यांच्यावरचे आदेश आज प्राधिकरण सर्वांसाठी खुले ठेवते. एजंटांविरुद्ध कंपन्यांच्या पातळीवर होणारे आदेश मात्र त्या त्या कंपनीच्या फायलीतच राहतात. एका कंपनीत ताकिदीवर सुटणारी चूक दुसरीत एजन्सी घालवते का, हे त्यामुळे ताडून पाहता येत नाही. नावे झाकून का होईना, त्या आदेशांचा वार्षिक गोषवारा कंपन्यांनी प्रसिद्ध केला, तर १९३९ मध्ये न्यायालयाचे दार उघडे मिळालेल्या एजंटाला आपल्या प्रकरणात दाखला म्हणून काही दाखवता येईल. प्राधिकरणाने हे काम हाती घेण्याजोगे आहे, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.